फैजपूरचे बांबू आणि तुमचं गॅदरिंग

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि गॅदरिंग समित्यांचे सभासद यांना,

स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की आपल्या खान्देशात दोन गोष्टींना ऊत येतो, शेतातल्या भरीत पार्ट्यांना आणि शाळांच्या गॅदरिंगना. भरिताबद्दल माझी काही तक्रार नाही, कळण्याची भाकरी बरोबर असली म्हणजे झालं. तक्रार आहे ती गॅदरिंगमधून मुलांना जो देश दाखवला जातो त्याबद्दल. मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत निवृत्त झाले, आता आजी म्हणून पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसते. तिथून जे दिसतं ते लिहिते आहे.

पत्रिकेवर विषय छापलेला असतो 'भारतीय संस्कृती', बहुतेक वेळा इंग्रजीत. मग एक भांगडा, एक गरबा, एक लावणी, एक कोळीनृत्य, मध्ये कुठेतरी 'आदिवासी डान्स', आणि शेवटी तिरंगा घेऊन सगळ्यांचा एक नाच. एवढं झालं की देश पूर्ण झाला. समुद्र आपल्यापासून किती लांब आहे हे भूगोलात शिकलेली पोरं कोळ्यांच्या टोप्या घालून होडी वल्हवतात. खान्देशाचं त्यात काय असतं, असं एका सरांना विचारलं, तर म्हणाले, "आपलं असं दाखवण्यासारखं काय आहे मॅडम?"

सरांना दोष देत नाही. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही आणि खान्देशापुरताही नाही. दुसऱ्याच्या राज्यातून सुटलेल्या प्रत्येक देशापुढे तो आला. साहेब गेला, पण त्यानं आखलेला नकाशा, त्याची भाषा, त्याची कोर्टं, त्याची परीक्षापद्धत राहिली. मग यात आपलं काय, आणि सगळ्यांचं मिळून एक काय? दिल्लीनं त्यावर आपल्या परीनं उत्तर काढलं. १९५३ साली संगीत नाटक अकादमी सुरू झाली, १९५४ साली साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात राज्याराज्यांची लोकनृत्यं येऊ लागली. नव्या देशाला स्वतःला एकदा आरशात पाहायचं होतं, त्यात गैर काहीच नव्हतं. महाराष्ट्रातही १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ निघालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांचा जन्म आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा, हे तुमच्यापैकी किती जणांच्या शाळेत सांगितलं जातं कोण जाणे.

अडचण पुढे झाली. प्रत्येक प्रांताचा एक पोशाख, एक नाच, एक खाद्यपदार्थ अशी मांडणी शाळाशाळांत रुजली, आणि ही मांडणी आपली नव्हतीच. १८८०चं खान्देशचं गॅझेटियर कुठे मिळालं तर उघडून पाहा. मुंबई इलाख्याच्या त्या मालिकेतला बारावा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. एकेका जातीजमातीला काही ओळी किंवा काही पानं दिली आहेत. अंगावर काय घालतात, काय खातात, लग्न कसं लावतात, स्वभावानं कसे. माहितीचा तो मोठा साठा आहे, मी स्वतः त्याचा उपयोग केला आहे. पण ते लिहिणारा कलेक्टर कचेरीत बसून बाहेर बघत होता, आणि कुणाकडून किती शेतसारा वसूल होईल, कोण दंगा करेल, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आपण त्या यादीतली शेतसाऱ्याची बाब वगळली आणि बाकीची स्टेजवर आणली. ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणलेला पोशाख चढवून मूल माइकसमोर येतं आणि स्वतःच्याच लोकांकडे कचेरीच्या खिडकीतून पाहायला शिकतं.

हे कुठे बघितलं ते सांगते. मागे एका शाळेच्या गॅदरिंगला 'आदिवासी डान्स' होता. पोरांच्या डोक्याला प्लास्टिकची पिसं, कमरेला हिरव्या कागदाची पानं, गालांवर पांढरे पट्टे आणि तोंडानं हू-हू असा आवाज. सिनेमातून उचललेला. त्याच वर्गात सातपुड्यातल्या धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा होता, वसतिगृहात राहणारा. तो मागच्या रांगेत उभा होता, हू-हू करत. त्याच्या गावाकडे होळीत माणसं बावा, बुध्या होतात तेव्हा डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा उंच टोप असतो, अंगभर राखेचे ठिपके, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू. आणि हे हौसेनं होत नाही. नवस असतो, त्याची पाळणूक असते, तेवढे दिवस खाटेवर झोपायचं नाही. काठी गावची होळी तर पहाटे पेटते, तोवर डोंगर उतरून आलेली माणसं रात्रभर ढोलावर नाचत असतात. हे सगळं त्या मुलाला पाठ होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. नाच बसवणाऱ्या बाईंनी मोबाइलवरचा व्हिडिओ लावून सगळ्यांना स्टेप दाखवल्या, त्यालाही.

आता फैजपूर.

डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन जळगाव जिल्ह्यातल्या या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबतच्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, साने गुरुजी राबले. आपल्या पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं आणि परीक्षेत एका गुणाला. पण अधिवेशनाची ती नगरी उभी कशी राहिली ते कुणी शिकवत नाही, आणि तुमच्या गॅदरिंगच्या दृष्टीनं कामाचं तेवढंच आहे.

तोवर अधिवेशनं शहरांत भरत. गांधीजींचा आग्रह पडला की खेड्यात भरवायचं तर ते खेड्याच्या वस्तूंनी भरवायचं. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. नंदलाल बिचकले. आपण चित्रकार, मंडप-कमानी उभारणं आपलं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी ऐकलं नाही. वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल यांनी मिळून टिळकनगर उभं केलं, मुख्यतः बांबूतून. सातपुडा हाकेच्या अंतरावर, तेव्हा बांबूला काय तोटा! अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली, तो रथही नंदलालांनी सजवलेला. तिथल्या भाषणात गांधीजींनी या दोघांना श्रेय देताना मुद्दाम सांगितलं की नंदबाबू बंगालचे असूनही त्यांनी हे सारं इथल्या कारागिरांच्या आणि मजुरांच्या हातून उभं केलं.

मला यात मोठी गंमत वाटते. चित्रकार बंगालचा, बोलावणारा म्हातारा गुजरातचा, अध्यक्ष अलाहाबादचे, आणि बांबू, दोर, हात सगळे खान्देशचे. तिथे खान्देशाला कुणी म्हटलं नाही की बाबा, तू तुझा पोशाख घालून एका कोपऱ्यात पाच मिनिटं नाच, मग पुढचा प्रांत येईल. सबंध देशाला बसायला जी जागा लागत होती तीच खान्देशी हातांनी बांधली. पुढे संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पानं सजवायची वेळ आली तेव्हा ते काम नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांकडे गेलं. फैजपूरला बांबूची कमान उभी करून पाहिलेला माणूस देशाच्या पहिल्या ग्रंथाचे समास रंगवत बसला होता, हे आठवलं की मला अजून बरं वाटतं. बांबू तासणाऱ्यांची नावं मात्र कुठल्या धड्यात नाहीत. यावल-रावेरच्या शाळांनी आपल्या मुलांना वही-पेन देऊन जुन्या घरांत पाठवलं असतं तर काही नावं अजूनही हाती लागली असती. पाठवा की, अजून वेळ गेलेली नाही.

दुसरी एक गोष्ट आमच्या अमळनेरची. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. देशभरचे तत्त्वज्ञ या आडगावात येऊन राहत, वाद घालत. १९३०च्या दशकात काही काळ तिथले संचालक होते कृष्णचंद्र भट्टाचार्य. अमळनेरला येण्याआधी, हुगळीच्या कॉलेजात असताना, त्यांनी विद्यार्थ्यांपुढे विचारांतल्या स्वराज्यावर एक भाषण दिलं होतं. त्याचा मथितार्थ असा की राजकीय गुलामी माणसाला जाणवते, खुपते, म्हणून तिच्याशी लढता येतं. संस्कृतीतली गुलामी सहसा जाणवतच नाही. परकी कल्पना घेण्यात वाईट काही नाही, कधी कधी ते गरजेचंच असतं. पण आपल्या जुन्या विचाराशी तिची तुलना न होता, दोघांची झटापट न होता, नवा विचार येऊन बसला आणि भुतासारखा मानगुटीवर स्वार झाला, तर ती गुलामी. हा माणूस इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकवत होता, कान्ट कोळून प्यायला होता. म्हणून त्याचं म्हणणं जास्त ऐकण्यासारखं आहे. आज पोरं क्लासची सॅक पाठीला लावून त्या मंदिरावरून सायकली दामटतात. तिथे काय बोललं गेलं, कुणी बोललं, यातलं त्यांना अवाक्षर माहीत नाही, कारण आपण सांगितलेलं नाही.

तुलना आणि झटापट. तुमच्या शाळांत ती होऊच दिली जात नाही. पहिलीतलं पोर घरून अहिराणी घेऊन येतं. आत आल्या आल्या ती दाराबाहेर ठेवायला लावतात, चपलांसारखी. माझ्या ओळखीच्या एका शाळेत इंग्रजी सोडून दुसरं काही बोललं तर दंड आहे. तिथला एक किस्सा. पोरगा उठून म्हणाला, "मॅडम, माले पानी पेवानं शे." वर्ग हसला, मॅडमही हसल्या. त्याच मॅडम मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून आईशी फोनवर बोलत होत्या, अस्सल अहिराणीत, खाली आवाजात. आपलीच भाषा चोरून बोलायची ही सवय त्यांना कुणी लावली? त्यांच्या शाळेनं. आता त्या ती पुढे देताहेत.

केनियात इंग्रजांच्या राज्यात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवत, 'मी मूर्ख आहे' किंवा 'मी गाढव आहे' असं लिहिलेली. न्गूगी वा थ्योंगो या लेखकानं आपल्या लहानपणची ही हकीगत सांगितली आहे. आपण ते वाचून हळहळतो. पण तिथे पाटी अडकवणारी सत्ता परकी होती. इथे स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटून गेल्यावर आपणच दंडाची पावती फाडतो, आणि त्या पावतीवर सरस्वतीचं चित्र असतं.

तुम्ही म्हणाल, अहिराणी तर जोरात आहे. यूट्यूबवर गाणी धो धो चालतात, लग्नात डीजेवर अहिराणी गाणं वाजल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. खरं आहे, आणि मला त्या पोरांचं कौतुक आहे. शाळेनं, विद्यापीठानं, आकाशवाणीनं मिळून जेवढ्यांपर्यंत अहिराणी नेली नसेल तेवढ्यांपर्यंत ती मोबाइलवाल्या पोरांनी नेली. पण नीट बघा, तिथेही ती कशासाठी उरली आहे? हसण्यासाठी आणि नाचण्यासाठी. सासू-सुनेचं भांडण, दारुड्या नवरा, गावंढळ जावई. गंभीर काही बोलायचं झालं की तोच कलाकार मुलाखतीत प्रमाण मराठीत शिरतो. हसायला अहिराणी, भाषणाला पुण्याची मराठी, नोकरीला इंग्रजी, अशी वाटणी होऊन बसली आहे. ज्या भाषेत नुसते विनोदच होतात तिच्यात वाढलेल्या पोराला स्वतःचं दुःखसुद्धा उसन्या बोलीत सांगावं लागतं. आपल्या बहिणाबाईंनी हे उलटं करून दाखवलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आसोद्याच्या या बाईनं आपल्या लेवा बोलीतच जगण्याचा विचार मांडला. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आपण केलं, २०१८ साली. त्यांच्या बोलीत एखादं उत्तर लिहिलं तर तुमच्या शाळेत किती गुण मिळतील, तेवढं एकदा कळवा.

जनगणनेत २०११ साली 'खान्देशी' या भाषेखाली, अहिराणी त्यातच धरून, १८ लाखांहून अधिक माणसं निघाली. घरात अहिराणी बोलून कागदावर 'मराठी' लिहिणारे वेगळेच. त्यांनी तसं लिहिलं यात चूक नाही, मराठी आपलीच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं तिला अभिजात दर्जा दिला तेव्हा मीही पेढे वाटले. पण दर्ज्यानं काय होतं आणि काय होत नाही हे आयर्लंडकडे पाहून समजून घ्यावं. इंग्रजांपासून सुटल्यावर त्यांनी आयरिश भाषा शाळेत सक्तीची केली, १९३७च्या राज्यघटनेत तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. पाट्यांवर आयरिश, नाण्यांवर आयरिश. आणि रोजच्या बोलण्यात ती उरली मुख्यतः पश्चिम किनाऱ्याकडच्या काही पट्ट्यांत. बाकीच्यांना परीक्षेपुरती येते. मान मोठा मिळाला, घरातलं बोलणं मात्र इंग्रजीतच होत राहिलं.

इंडोनेशियानं वेगळी वाट धरली. डचांच्या राज्यात, २८ ऑक्टोबर १९२८ला तिथल्या तरुणांनी एक देश, एक लोक आणि जोडणारी एक भाषा अशी शपथ घेतली, तेव्हा सर्वांत जास्त माणसं जावानी बोलत होती. तरी जावानी भाषकांनी हट्ट धरला नाही. बंदराबाजारात चालणारी मलय पुढे केली, कारण ती कुणा एका मोठ्या गटाची मिरास नव्हती. मोठ्यानं जरा सरकून बसायचं असतं, हे त्यांना देश हाती येण्याच्याही आधी उमगलं होतं.

सरकून बसण्याचा हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे, आणि इथे मी अहिराणीच्या अभिमान्यांचा रोष ओढवून घेणार आहे. खान्देश म्हणजे अहिराणी, असं म्हणून चालत नाही. रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे, गुजरी आहे. सातपुड्यात पावरी, भिली, नंदुरबारकडे मावची आणि आदिवासी कोकणी. भुसावळला रेल्वेनं आणलेली अर्धा डझन भाषांची वस्ती आहे. तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि सातपुड्याच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसवाल? पुण्यानं आपल्याला गावंढळ म्हटलं की झोंबतं, आणि आपण धुळ्यात बसून धडगावच्या पोराला 'डोंगरातला' म्हणतो. अक्राणीच्या, म्हणजे त्याच धडगावकडच्या मुलाला अहिराणीसुद्धा साहेबाचीच भाषा वाटत असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

आणि नंदुरबारचा शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२ला मिरवणुकीत गोळ्या झेलून तो आणि त्याचे चार सोबती गेले. तुम्ही दरवर्षी हुतात्मा दिन करता. त्या पोरांची घोषणा कुठल्या भाषेत होती? "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु." गुजराती! मराठी मुलखात, भिल्लांच्या शेजारी, गुजराती घरातल्या पोरानं भारताचं निशाण गुजरातीत उंच धरलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही ते परकं वाटलं नाही. घरची भाषा सोडून मग देशाची भाषा शिकायची, असा टप्पा त्याच्या वाट्याला आलाच नाही. घरच्याच भाषेत तो थेट देशाबद्दल बोलला.

हे मुद्दाम सांगते, कारण 'आपली संस्कृती, आपली संस्कृती' म्हणता म्हणता काही जण कुंपण घालायला घेतात. देशीवादाचं नाव त्यासाठी वापरलं जातं. देशीवाद मांडणारे भालचंद्र नेमाडे सांगवीचे, म्हणजे फैजपूरच्या शेजारचे, अधिवेशनानंतर दीड वर्षानं जन्मलेले. या गृहस्थांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, लंडनलाही जाऊन शिकवलं. आपल्या मातीत पाय रोवून बाहेरचं हवं तेवढं घ्यावं, असाच मी त्याचा अर्थ लावते. खिडक्या लावून घ्या असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. आपल्याकडचं सगळंच देशी मिरवण्यासारखं आहे असंही नाही. पंगतीतली वेगळी पानं देशी होती, विधवेचं अलवण देशी होतं. झटापट व्हायला हवी ती या गोष्टींशीसुद्धा.

इंग्रजीबद्दल गैरसमज नको. सुरतेच्या कापड मिलमध्ये बापानं आयुष्य घालवलं, आता मुलानं पुण्याला कॉम्प्युटरवर बसावं, असं वाटणाऱ्या पालकाला मी काय शहाणपण शिकवणार? शिकवा, उत्तम इंग्रजी शिकवा. बहुतेक शाळांत ते धड शिकवलं जात नाही हे माझं खरं दुखणं आहे, म्हणजे पोराची घरची भाषाही गेली आणि इंग्रजीही आलं नाही. तो सुरतेला गेलेला बाप मात्र हुशार निघाला. लिंबायत-उधन्याच्या चाळीतसुद्धा श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, त्याच्याकडे आपली कानबाईदेवी बसते. गहू मुठीनं मोजून दळले जातात, रोट होतात, वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊबंद एका ताटाभोवती येतात, सोमवारी विसर्जन. कुठल्या अकादमीनं त्याला हे करायला सांगितलं नव्हतं, आणि यासाठी त्याला ड्रेपरीही लागत नाही.

केंद्राच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. काही शाळांनी मुलांकडून ओडिया वाक्यं पाठ करून घेतली, संबळपुरी नाच बसवला. छान केलं. आंतरभारतीचं, म्हणजे प्रांताप्रांतांनी एकमेकांना समजून घेण्याचं स्वप्न पाहणाऱ्या, अमळनेरच्या वसतिगृहात पोरांची अंथरुणं घालणाऱ्या साने गुरुजींना त्याचा आनंदच झाला असता. पण त्याच बाकावर बसलेल्या पावरा मुलाच्या भाषेतलं एक वाक्य शेजारच्याला येत नाही. गुरुजींनी आधी त्याच्याजवळ बसकण मारली असती.

तेव्हा यंदा काय करता येईल? फार थोडं मागते आहे. 'पारंपरिक वेशभूषा दिन' एक वर्ष बंद ठेवा. त्या दिवशी मुलांना घरच्या बोलीत एक पान लिहू द्या, अहिराणी, पावरी, लेवा, गुजरी, उर्दू, बंजारा, ज्याची जी असेल ती, देवनागरीत किंवा जमेल त्या लिपीत. शुद्धलेखन तपासू नका, नियम अजून ठरलेले नाहीत हे मुलांना सांगून टाका, त्यांना ते ऐकून आवडेल. विषय मात्र हसण्याचा देऊ नका. 'कपाशीचा भाव' द्या, 'आमच्या गावचं पाणी' द्या, 'बाबा सुरतेला का गेले' द्या. मग तेच पान प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत करायला लावा. भट्टाचार्य म्हणत होते ती तुलना तिथे होईल, चौथी-पाचवीच्या बाकावर.

बोलीवरचा दंड आजपासून बंद करा, याला तर सभेचीही गरज नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्यांपैकी एक कानबाईच्या सोमवारला द्या. इतिहासाच्या तासाला जालियनवाला शिकवताना सातपुड्यातलं आंबापाणीही शिकवा, तिथे ११ एप्रिल १८५८ला भिल्लांची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. त्यांचा एक पुढारी खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच चाकरीत सेंधव्याच्या घाटावर पहारा करत होता, हेही सांगा. मुलांना असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं माणूस लगेच कळतं, कारण तीही तशीच वाढताहेत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एक सहल न्या. इंग्रजीत लिहायचं नाही असा हट्ट धरून वि. का. राजवाड्यांनी गोळा केलेली दफ्तरं म्हणजे काय असतं, ते मोडीचे कागद दिसतात कसे, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी बघावं. वॉटर पार्क पुढच्या वर्षी.

आणि गॅदरिंग करा, जरूर करा. पण स्टेज मुलांना बांधू द्या. बुरुडकाम करणारा, ढोल मढवणारा, लोकगीतांचं वहीगायन करणारा माणूस आठ दिवस शाळेत आणून बसवा, मुलांनी त्याच्या हाताखाली राबावं. धडगावच्या मुलाला पुढे बोलवा आणि विचारा, आम्ही काय करू? तो नाही म्हणाला, आमचा नवस स्टेजवर दाखवण्यासाठी नसतो म्हणाला, तर तेही ऐकून घ्या आणि पत्रिकेतून तो नाच काढून टाका.

संस्थाचालकांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी विनंती. बोलावलंत तर मी येईन, भाषण करणार नाही, प्रश्न विचारलेत तर उत्तरं देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि आजी,
अमळनेर

ता. क. वहीगायनाचं किंवा ढोलाचं पथक बोलावलंत तर डीजेवाल्याला जेवढे देता त्याच्या निम्मे तरी मानधन द्या, त्याच दिवशी द्या, आणि एस.टी.चं भाडं त्यातून कापू नका.